‘रॅगिड’: फाटका कोट, दंतुर किनारा आणि तुटक श्वास

माझ्याकडे इंग्रजीसाठी येणारी अकरावीतली एक मुलगी परवा वही उघडून बसली होती. उताऱ्यात एकच शब्द तीनदा आला होता: रॅगिड. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याच्या कोटाला, दुसऱ्यांदा समुद्रकिनाऱ्याला, तिसऱ्यांदा त्याच म्हाताऱ्याच्या श्वासाला. मोबाइलमधल्या शब्दकोशाने तिला ‘फाटका’ असा अर्थ दिला आणि तिने तो तिन्ही ठिकाणी इमानेइतबारे लावला. फाटका कोट जमला. फाटका किनारा लिहिताना ती जरा थबकली. फाटक्या श्वासापाशी आल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काकू, श्वास कसा फाटेल?”

प्रश्न अगदी योग्य होता. श्वास फाटत नाही, किनाराही फाटत नाही, तरी इंग्रजीत या तिघांना एकच विशेषण चालतं. असं का, आणि आपण मराठीत तिथे काय म्हणायचं, हे तिला समजावताना जे बोलले ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर या भागात राहते आणि बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, जमेल तसा अनुवादही करते. इथल्या मराठी मुलांची अडचण पुण्या-नाशिकच्या मुलांहून वेगळी आहे. घरात मराठी, शाळेत आणि बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजारच्या चौकात, हिंदी, पुस्तकात इंग्रजी. त्यामुळे इंग्रजी शब्द मराठीत येतो तो बहुतेक वेळा हिंदीच्या दारातून. ‘रॅगिड’चं आधी ‘फटा-पुराना’ होतं आणि मग वहीत ‘फटका सदरा’ उमटतो. फटका म्हणजे मार, सदरा असतो तो फाटका. एका कान्याचा फरक, पण तो मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत दुरुस्त करते.

माझं सांगणं थोडक्यात असं: रॅगिडला एकच एक मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. जे सलग, सरळ किंवा एकसारखं असायला हवं होतं ते ठिकठिकाणी तुटलंय, कमीजास्त झालंय, एवढंच हा शब्द सांगतो. नेमकं काय तुटलंय ते आधी पाहा. कापड? कड? लय? माणसाचं बळ? ते सापडलं की मराठी शब्द त्या वस्तूच्या घरातच मिळतो.

पहिली पायरी: शब्द नीट म्हणा

उच्चार रॅ-गिड. दोन ठोके. शेवटी ‘ईडी’ दिसलं की आपण सवयीने ‘रॅग्ड’ म्हणून मोकळे होतो, पण इंग्रजीत काही जुनी विशेषणं अशी आहेत की त्यांचा शेवट पूर्ण उच्चारतात: नेकिड, विकिड, क्रुकिड, रेचिड, जॅगिड, रगिड. रॅगिड त्याच पंगतीतला आहे.

गंमत अशी की ‘रॅग्ड’ हाही शब्द आहे, स्पेलिंगही तेच, अर्थ मात्र निराळा. रॅग या क्रियापदाचा तो भूतकाळ: चिडवलं, छळलं. वसतिगृहातलं रॅगिंग हे त्याच क्रियापदावरून आलेलं. यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम 2009 सालचे आहेत आणि कॉलेजच्या फलकांवर ते लावलेले असतात, म्हणून मुलांच्या कानावर हा शब्द आधी पडतो आणि रॅगिड नंतर. ‘ही वॉज रॅग्ड’ म्हणजे त्याचं रॅगिंग झालं. ‘ही वॉज रॅगिड’ म्हणजे तो फाटक्या कपड्यांत होता. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, फरक वाचताना जिभेने करायचा. लर्न्ड आणि लर्निड, एज्ड आणि एजिड ही जोडपीही याच जातीची आहेत.

दुसरी काळजी स्वराची. रॅगिड आणि रगिड यांच्यात एका चंद्राचा फरक आहे आणि अर्थात जमीन-अस्मानाचा. हिंदीत तो ‘ऐ’ लावून भागवतात, मग ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. मराठी लिपीत आपण ‘ॅ’ सर्रास लिहितो, तर तो लिहा आणि तोंड उघडून म्हणाही.

दुसरी पायरी: शब्दाच्या मुळाशी असलेलं चित्र

इंग्रजीत हा शब्द साधारण 1300 च्या सुमाराला दिसू लागतो आणि त्याचं मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत आहे. तिथला मूळ शब्द केसांच्या झुबक्यासाठी होता, लोकरीच्या पुंजक्यासाठी. म्हणजे रॅगिडचा जुना अर्थ फाटका नव्हता. झुबके निघालेला, विस्कटलेल्या केसांचा, खरबरीत असा होता. चिंधीला इंग्रजीत ‘रॅग’ म्हणतात तो शब्दही याच कुळातला.

ग्वाल्हेरकरांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत. इथे हाताने विणलेले गालिचे होतात. 2023 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. गालिचा मागावर असताना गाठी मारून लोकरीची टोकं कापतात, आणि ती टोकं तेव्हा काही एका उंचीची नसतात. कुठे एक पुंजका वर आलेला, कुठे दुसरा दबलेला. नंतर कात्रीने सगळं एका पातळीत आणतात आणि मग त्यावर तो मखमली सारखेपणा येतो. कात्री फिरायच्या आधीचा जो गालिचा, तो या शब्दाच्या अगदी जुन्या अर्थाने रॅगिड. त्यावरून तळहात फिरवला की वरखाली लागतं. हे वरखाली लागणं मनात ठेवा. पुढचे सगळे अर्थ त्यातूनच फुटले आहेत.

तिसरी पायरी: पुढचं नाम पाहा

खरं काम या पायरीवर होतं. वाक्यात रॅगिड दिसला की त्यावर थांबू नका, त्याच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा.

कापड असेल तर काम सोपं आहे, पण तिथेही मराठी इतकी श्रीमंत आहे की नुसतं ‘फाटका’ लिहिणं मला कंजुषी वाटते. माझ्याकडे आजीच्या लुगड्याची एक गोधडी आहे. ग्वाल्हेरच्या थंडीत रजईच्या आत तीच लागते, म्हणून अजून वापरात आहे. त्या मुलीपुढे मी ती पसरली आणि एकेका जागेवर बोट ठेवायला सांगितलं. मधलं कापड इतकं विरलंय की उजेडाकडे धरलं तर बोटं दिसतात. इंग्रजीत त्याला थ्रेडबेअर म्हणतात. एका बाजूची शिवण उसवली आहे. खालच्या टोकाला दशा निघाल्या आहेत, तिथे फ्रेड हा शब्द. एका कोपऱ्याला तर लोंबणाऱ्या पट्ट्याच झाल्या आहेत, ते टॅटर्ड, आपल्या भाषेत लक्तरं. आणि काठ? काठ अजून शाबूत आहे, जरीचा रंग तेवढा गेलाय. आता या सगळ्या गोधडीला मिळून एक शब्द वापरायचा तर इंग्रज माणूस म्हणेल रॅगिड. विरलेलं, उसवलेलं, दशा निघालेलं, लक्तरं झालेलं हे सगळं त्याच्या पोटात बसतं. म्हणून अनुवाद करताना संदर्भ वाचून यातला नेमका शब्द निवडा. भिकाऱ्याच्या अंगावर लक्तरं असतात, गरीब पण नीटनेटक्या मास्तरांचा कोट विरलेला असतो. दोघांनाही ‘फाटका’ म्हटलं तर मास्तरांवर अन्याय होतो.

माणसालाच रॅगिड म्हटलं असेल, जसं ‘अ रॅगिड बॉय’, तर बहुधा कपड्यांवरून म्हटलेलं असतं: अंगावर धड कपडे नसलेला मुलगा.

कड असेल तर कापडाचे शब्द बाजूला ठेवा. समुद्रकिनाऱ्यासाठी मराठीत तयार शब्द आहे आणि तो आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला आहे: दंतुर. कोकणचा किनारा दंतुर आहे, हे वाक्य पाठ केलेली माणसं ‘रॅगिड कोस्टलाइन’ला फाटका किनारा म्हणतात याचं मला वाईट वाटतं. शब्द घरात असून आपण शेजारी मागायला जातो. कागद हाताने फाडला की त्याची कड रॅगिड होते. तिला वेडीवाकडी किंवा ओबडधोबड म्हणा. कुत्र्याचा कान रॅगिड असेल तर तो भांडणात फाटलेला किंवा कुरतडलेला आहे. जखमेचंही तसंच. सुरी-ब्लेडने झालेल्या जखमेच्या कडा सरळ आणि स्वच्छ असतात, तर बोथट वस्तूच्या आघाताने त्वचा फाटली की कडा रॅगिड होतात. न्यायवैद्यकात या फरकावरून हत्याराचा अंदाज बांधतात. तिथे मराठीत चिरलेली जखम आणि फाटलेली जखम हे दोन शब्द पुरेसे बोलतात. इथे ‘फाटलेली’ हाच बरोबर शब्द आहे, हेही लक्षात घ्या. फाटका या शब्दाशी माझं वैर नाही.

फुलाच्या पाकळ्याही रॅगिड असतात. युरोपात ओलसर कुरणांत उगवणारं गुलाबी रंगाचं रॅगिड रॉबिन नावाचं एक रानफूल आहे. त्याची प्रत्येक पाकळी चार अरुंद फाकांत चिरलेली असते, म्हणून फूल विस्कटल्यासारखं दिसतं. नाव आहे तसंच ठेवावं, अनुवाद करू नये. वर्णन करायचं झालं तर आपल्याकडची कंदिलासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद आठवा.

आभाळाबद्दल मात्र जपून. हवामानशास्त्रात फ्रॅक्टस नावाचे ढग आहेत. मोठ्या ढगापासून सुटून वाऱ्यावर पळणारे अनियमित तुकडे. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येत त्यांचं रूप रॅगिड असंच सांगितलं आहे. मग ‘रॅगिड स्काय’चं ‘फाटलेलं आभाळ’ करावं का? मुळीच नको. मराठीत आभाळ फाटतं ते संकटाने, आणि मग ठिगळ कुठे कुठे लावणार असं आपण म्हणतो. वाचक पुढे कुणाच्या मरणाची बातमी येणार म्हणून वाट पाहील आणि लेखकाला फक्त ढग दाखवायचे असतील. पिंजलेले ढग, ढगांचे विस्कटलेले पुंजके, असं लिहा. पिंजारी कापूस पिंजतो तेव्हा जे होतं तेच इथे होतंय, आणि झुबक्यांचं जुनं चित्रही त्यात परत येतं.

आता श्वास, जिथे ती मुलगी अडली होती. नीट श्वास म्हणजे आत-बाहेर, आत-बाहेर, सारख्या अंतराने. रडून झाल्यावर, फार धावल्यावर, तापाच्या भरात तो मध्येच थांबतो, दोनदा पटकन आत जातो, मग एकदम सुटतो. कड तुटण्याऐवजी इथे लय तुटली आहे. म्हणून तुटक श्वास, अडखळणारा श्वास. ‘धापा टाकत होता’ हे जवळचं वाटतं, पण धापेत वेग असतो आणि ती एका ठेक्यातही असू शकते. अनियमितपणा दाखवायचा असेल तर ‘श्वास तुटक तुटक येत होता’ यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही. आवाज रॅगिड असेल तर कातर किंवा चिरकलेला, प्रसंग पाहून. भीतीने कापत असेल तर कातर, ओरडून ओरडून बसला असेल तर चिरकलेला किंवा घोगरा.

अनेक जणांनी मिळून एकदम करायची गोष्ट एकदम झाली नाही, तरी हाच शब्द. सैनिकांची रॅगिड रांग म्हणजे विस्कळीत रांग. रॅगिड टाळ्या म्हणजे कुणी आधी, कुणी मागून, मध्येच थांबून वाजवलेल्या टाळ्या. समूहगायनाला रॅगिड म्हटलं तर गाणारे बेसूर होते असं समजू नका. ते एकत्र नव्हते. हे फार जणांचं चुकतं. गणपतीच्या दिवसांत आमच्या मंडळात 40-50 माणसं आरतीला उभी असतात. विठोबाच्या आरतीत शेवटचा स्वर ताणायचा असतो. पुढची आजोबा मंडळी तो दमाने ताणतात, मधल्या बायका त्यांच्याआधी सोडतात, आणि मागची पोरं तर प्रसादाच्या ओढीने पुढच्या ओळीवर पोचलेली असतात. सूर प्रत्येकाचा बरा असतो, फक्त टोकं जुळत नाहीत. ही रॅगिड आरती. गाण्यांच्या घराण्यांचं हे गाव, म्हणून इथल्या मुलांना मी सांगते: बेसूर म्हणजे सुराचा दोष, रॅगिड म्हणजे एकत्र न पडण्याचा.

शेवटचं नाम म्हणजे आपण स्वतः. ‘रन समवन रॅगिड’ हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यातला आहे: कुणाला इतकं पळवायचं की त्याच्यात काही उरू नये. ‘द किड्स रॅन मी रॅगिड’ म्हणजे पोरांनी माझा पिट्ट्या पाडला. लग्नघरातल्या बाईच्या तोंडी ‘आय हॅव बीन रन रॅगिड’ असेल तर ‘धावून धावून मेटाकुटीला आले’ म्हणा, ‘नाकी नऊ आले’ म्हणा. रचना मात्र लक्षात ठेवा: आधी रन, मग माणूस, मग रॅगिड. क्रम बदलला तर अर्थ बदलतो, रॅगिड बाई म्हणजे पुन्हा फाटक्या कपड्यांतली बाई. ‘शी लुक्ट रॅगिड’ असं नुसतं असेल तर आजूबाजूची वाक्यं वाचा. रात्रभर दवाखान्यात बसून आलेली असेल तर चेहरा ओढलेला आहे, पदराशी काही संबंध नाही.

‘ऑन द रॅगिड एज’ हा अमेरिकेतला प्रयोग, म्हणजे अगदी कडेलोटावर. आपल्याकडच्या पुस्तकांत कमी दिसतो.

चौथी पायरी: भावकीतले शब्द वेगळे करा

रॅगिड, रगिड आणि जॅगिड. परीक्षेत हे तिघं एकत्र येतात आणि मुलं फसतात.

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. मुरैना मागे पडलं आणि चंबळ जवळ आली की दोन्ही बाजूंना बीहड सुरू होतं: पावसाच्या पाण्याने माती कापून कापून झालेल्या घळी, मध्ये मातीचे उंचवटे, काटेरी झुडपं. हा मुलूख रगिड आहे. खडबडीत, दुर्गम, चालायला कठीण, आणि तरी टिकून असलेला. रगिडमध्ये कणखरपणा आहे, म्हणून पडला तरी न फुटणाऱ्या मोबाइलला रगिड म्हणतात आणि रापलेल्या, राकट चेहऱ्याच्या पुरुषाला कौतुकानेही म्हणतात. आता त्याच खिडकीतून नजर वर न्या. घळीचा काठ जिथे आभाळाला लागतो ती रेघ पाहा. कुठे ढासळलेली, कुठे आत गेलेली, कुठे मातीचा एक सुळका उरलेला. ती रेघ रॅगिड आहे. जमिनीच्या अंगाला रगिड, तिच्या कडेला रॅगिड. एकाच दृश्यावर दोन्ही शब्द बसतात, पण वेगवेगळ्या जागी.

जॅगिडला टोकं लागतात, बोचणारी. कंपाउंडच्या भिंतीवर सिमेंटमध्ये रोवलेल्या काचा जॅगिड. करवतीचे दात, फुटक्या बाटलीचं तोंड, विजेची नागमोडी रेघ, हे सगळं जॅगिड. मी मुलांना एक सोपी कसोटी देते: कडेवरून बोट फिरवलं तर रक्त येईल का? येईल तर जॅगिड. नुसती खरखर लागेल तर रॅगिड. किनाऱ्याच्या बाबतीत इंग्रजी लेखक दोन्ही वापरतात, तिथे कसोटी ताणू नका. मराठीत दोन्हींना दंतुर चालेल.

शॅबी या शब्दाचा गोंधळही खूप दिसतो. शॅबीमध्ये फाटलेलं असायलाच हवं असं नाही. कळा गेलेली, मळकट, गबाळी वस्तू शॅबी. रंग उडालेला सोफा शॅबी असतो. त्याचं कापड फाटून काथ्या बाहेर आला की मग तो रॅगिड. आणि जाता जाता: मराठीतला ‘रगेल’ हा रग असलेला, गुर्मीतला माणूस. त्याचं रगिडशी काही नातं-गोतं नाही, कानाला जवळ वाटतो म्हणून जोडू नका.

पाचवी पायरी: शास्त्रात आणि व्यवसायात

इथे शब्दाचा अर्थ पक्का ठरलेला असतो, म्हणून कल्पनाशक्ती आवरायची.

छपाईत ‘रॅगिड राइट’ म्हणजे डावी कड सरळ आणि उजवी कड मोकळी, जशी ओळ संपेल तशी. हा दोष नाही, पद्धत आहे. उलट मराठी मजकुरासाठी ती पुष्कळदा जास्त चांगली दिसते, आणि याचं कारण भाषेतच आहे. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘महाराष्ट्रातल्यासारखंच’ हा एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे चार झाले असते. असे लांब शब्द अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवून बसवायला गेलं की यंत्र शब्दांमधली जागा ताणतं. मंडळाची एक स्मरणिका आम्ही दोन रकान्यांत लावली होती. एका ओळीत तीनच शब्द आले आणि मध्ये एवढी भगदाडं पडली की वाचताना ठेच लागत होती. कंट्रोल आणि जे दाबलेलं काढून कंट्रोल आणि एल दाबलं, उजवी कड मोकळी सोडली आणि पान शांत झालं. फक्त मोकळ्या कडेवरही नजर ठेवावी लागते. ओळी थोड्या आत, थोड्या बाहेर असाव्यात. सलग चार-पाच ओळी जिन्यासारख्या उतरत गेल्या तर एखादा शब्द पुढच्या ओळीत ढकलावा. मराठीत याला ‘उजवी कड मोकळी’ म्हणावं असं माझं मत आहे. ‘फाटकी उजवी बाजू’ असं मी एका अनुवादात छापलेलं वाचलं आहे.

संगणकाचं शिकणाऱ्यांना ‘रॅगिड ॲरे’ भेटतो. ॲरे म्हणजे ओळीने मांडलेली माहिती. माझ्या शिकवणीची हजेरी घ्या: सोमवारी 5 मुलं, मंगळवारी 3, बुधवारी 7. प्रत्येक दिवसाची नावं एका ओळीत लिहिली तर ओळी असमान लांबीच्या होतात. ही रॅगिड मांडणी. हिलाच जॅगिड ॲरेही म्हणतात, आणि सी-शार्प या संगणकभाषेत तेच नाव रूढ आहे. जावा या भाषेत अशी मांडणी सहज चालते, कारण तिथे दुपदरी ॲरे म्हणजे ॲरेंचाच ॲरे असतो. पायथन भाषेत आकडेमोडीसाठी वापरतात त्या नमपायला मात्र चौकोनी मांडणी हवी असते. 1.24 या आवृत्तीपासून असमान ओळी साध्या तऱ्हेने दिल्या तर ते चूक दाखवून थांबतं. तशीच मांडणी हवी असेल तर डीटाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, ऑब्जेक्ट आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. यंत्राला शिकवण्यासाठी वापरतात त्या टेन्सरफ्लोमध्ये यासाठी रॅगिड टेन्सर नावाची वेगळी सोयच आहे. मराठीत समजावताना ‘असमान ओळींची मांडणी’ म्हटलं की मुलांना लगेच कळतं.

इतिहासात ‘रॅगिड स्कूल’ भेटली तर पडकी शाळा असं लिहू नका. 19व्या शतकात ब्रिटनमध्ये अतिशय गरीब मुलांसाठी चालवलेल्या या फुकट शाळा. पोर्ट्समथच्या जॉन पाउंड्स नावाच्या चांभाराने आपल्या दुकानात जोडे शिवता शिवता मुलांना शिकवलं, त्याचं नाव या चळवळीच्या आरंभी घेतात. तो 1839 साली वारला. 1844 मध्ये रॅगिड स्कूल युनियन स्थापन झाली आणि 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर सरकारी व्यवस्था उभी राहू लागली, तसतशा या शाळा ओसरत गेल्या. अंगावर चिंध्या असल्यामुळे ज्यांना दुसरी शाळा दारात उभी करत नव्हती त्या मुलांची शाळा, असा तो शब्द आहे. विशेषण मुलांचं, लागलं शाळेला. इंग्रजी हे नेहमी करतं, म्हणून विशेषण कुणाचं आहे हे विचारायची सवय लावा.

संगीतातला रॅगटाइम हा प्रकार ‘रॅगिड टाइम’वरूनच आला असं मानतात. पियानोवर डाव्या हाताचा ठेका सरळ चालतो आणि उजव्या हाताचे आघात मुद्दाम त्याच्या आगेमागे पडतात. अमेरिकन संगीतकार स्कॉट जॉप्लिनची 1899 सालची ‘मेपल लीफ रॅग’ ही त्यातली सर्वांत गाजलेली रचना. म्हणजे आरतीत जो दोष होता तो इथे कसब झाला.

वैद्यकशास्त्रात ‘रॅगिड रेड फायबर्स’ असं येतं. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या काही आजारांत स्नायूचा तुकडा विशिष्ट रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काही तंतूंच्या कडेशी लाल, अनियमित थर दिसतात. हे निदानातलं नाव आहे, जसंच्या तसं ठेवा.

सहावी पायरी: करून पाहा

वही घ्या, पान उभं दुमडा. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे आधी ‘काय तुटलंय’ ते एका शब्दात, मग मराठी.

‘अ रॅगिड लाइन ऑफ विमेन स्टुड आउटसाइड द रेशन शॉप.’ काय तुटलंय? रांगेचा सरळपणा. रेशनच्या दुकानाबाहेर बायकांची वेडीवाकडी रांग लागली होती. इथे मुलं हमखास बायकांना फाटके कपडे घालतात, कारण रेशन म्हटलं की गरिबी आठवते. पण रॅगिड लागलाय लाइनला.

‘अ रॅगिड चिअर वेंट अप.’ तुटलंय एकत्र येणं. कुणी आधी ओरडलं, कुणी मागून.

‘हिज ब्रेथ केम इन रॅगिड गॅस्प्स.’ लय. त्याचा श्वास तुटक तुटक येत होता, मध्येच आचका बसत होता.

रोज असं एकच वाक्य केलं तरी पंधरवड्यात हात बसतो. वाक्यं पुस्तकातूनच उचला. स्वतः रचलेल्या वाक्यांत आपण नकळत फाटका कोटच परत परत आणतो. त्याच बैठकीत शब्दाची बाकीची रूपंही पाहून ठेवा. क्रियाविशेषण रॅगिडली, भाववाचक नाम रॅगिडनेस. तुलना करताना मोअर रॅगिड, शेवटी ‘ईआर’ जोडायचं नाही. अमेरिकन बोलीत रॅगडी असंही ऐकू येतं, अर्थ तोच, सूर घरगुती.

उलट्या दिशेने येताना

मराठीतून इंग्रजीत जाताना वेगळेच खड्डे आहेत, आणि ते मला जास्त धोक्याचे वाटतात, कारण तिथे शब्दकोश हटकत नाही. ‘फाटक्या अंगाचा मुलगा’ म्हणजे किडकिडीत, काटक मुलगा. त्याला रॅगिड म्हटलं तर त्याचे बिचाऱ्याचे धड कपडे आपण फाडले. तिथे लीन किंवा वायरी म्हणा. ‘आम्ही फाटकी माणसं’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते आपली गरिबी सांगत असतं, पुअर पुरेसं आहे. ‘फाटक्या तोंडाचा’ तर सरळ शिवराळ, त्याला फाउल-माउथ्ड. फाटकं दूध, फाटलेले ओठ, फाटक्या नशिबाचा, यातलं एकही रॅगिड होत नाही. दूध कर्डल्ड किंवा नुसतं स्प्लिट, ओठ चॅप्ट, आणि नशीब अनलकी.

त्या मुलीने शेवटी उतारा पुन्हा लिहून आणला. म्हाताऱ्याचा कोट तिने ‘कोपरांवर विरलेला’ केला, कारण पुढच्या वाक्यात कोपरांवर ठिगळं असल्याचा उल्लेख होता आणि तो तिनेच शोधला होता. किनारा दंतुर झाला. श्वासापाशी तिने लिहिलं होतं, ‘चढ संपला तरी त्याचा श्वास एका ओळीत येईना.’ एका ओळीत. मी ते खोडलं नाही.